थोपटून दिलेली गोधडी

"आत्याबाई, थोपटू नका हो, लाइव्ह चालू आहे!" कुंदा कुजबुजली.

पण तिच्या सासूबाईंचा, भिवराबाईंचा, हात थांबेना. शिवून झालेली गोधडी लेकरासारखी थोपटल्याशिवाय त्या घराबाहेर जाऊच देत नसत. आता मोबाइलच्या काचेतून स्पर्शही जायचा. देशोदेशीची माणसं काचेवर तळवा ठेवून इथला टाका न् टाका चाचपत होती. आज गिऱ्हाईक जोडलं नाही, तर आळीतल्या बायकांचं शिवणकाम बंद पडणार होतं.

भिवराबाई गुणगुणत थोपटत राहिल्या. हळूहळू बघणाऱ्यांचे प्रश्न थांबले, पसंतीचे लाल बदाम यायचे थांबले, सगळं चिडीचूप झालं.

"घालवलंत ना सगळ्यांना!" कुंदाचे डोळे भरून आले.

"गेलंय कुठं कुणी? बघणाऱ्यांचा आकडा तर तेवढाच दिसतोय की."

खरंच, एकही माणूस हलला नव्हता. घटकाभरानं परदेशातल्या एका बाईचा निरोप उमटला : 'माफ करा, डोळा लागला. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच अशी झोप आली. मला गोधडी हवी. आजींनी थोपटलेलीच पाठवाल ना?'

मग एकेक जण जागा होत गेला आणि गोधडी मागत गेला.

कुंदानं डोळे पुसून दुसरी गोधडी सासूपुढं अंथरली.

"थोपटा, आत्याबाई. पण जरा बेतानं, मला जागं राहायचंय!"