चार ते सहा

“सोमवारचं रेकॉर्डिंग उडालं जी,” रुचिताचे बाबा म्हणाले. “डिस्क भरली का जुनं आपोआप पुसलं जाते. आता कुठून दाखवू?”

कलाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला आत ये असं कुणी म्हटलंच नव्हतं. मासोळ्यांचा टोपला तिनं भिंतीशी टेकवला होता. समोरच्या घरचे पुंडलिकराव मात्र सोफ्यावर ऐसपैस बसून, तिच्याकडे न बघता तिच्याबद्दलच बोलत होते.

“सोमवारी चार-साडेचारला हे बाई मासोळ्या घेऊन आली, न् आमच्या नळावरचा पाणी भरायचा पितळी गुंड गेला. टोपल्यात घालून नेला, दुसरं काय? कॅमेऱ्यात नाही म्हणता तं नाही. ठाण्यात जातो मी.”

“मी नाही नेला जी,” कलाबाई म्हणाली. “पाच दिवस झाले, सारी गल्ली दार लावून घेते मले पाहून. परसरामभाऊ, तुमचा कॅमेरा तं रस्त्याकडंच पाहाते. एकदा पाहा न बापा.”

“सांगतलं न, नाही आहे म्हणून!” बाबा खेकसले.

रुचिता नुकतीच शनिवारची सकाळची शाळा करून आली होती, दप्तर अजून पाठीवरच. तिला हे काही पटेना. जूनमध्ये कॅमेरा बसवणारा माणूस तिच्यासमोरच सांगून गेला होता, पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग कुठं जात नाही म्हणून. आज तर पाचवाच दिवस. मग मधले दिवस गिळले कुणी?

तिनं सरळ माउस हातात घेतला.

“हात नको लावू त्याले!” बाबा ओरडले. पण टीव्हीखालच्या रेकॉर्डिंगच्या काळ्या डब्यातली यादी तोवर पडद्यावर उघडली होती.

यादी संपतच नव्हती. जुलै, चार ते सहा. ऑगस्ट, चार ते सहा. चार ते सहा, चार ते सहा, आणि प्रत्येक ओळीपुढे एक पिवळं कुलूप. कुलूप लावलेलं रेकॉर्डिंग कधीच पुसलं जात नाही. ते जागा अडवून बसतं आणि बाकीच्या रेकॉर्डिंगचे दिवस खातं. सकाळ नाही, दुपार नाही, रात्र तर नाहीच. चोर काय फक्त चार ते सहा येतात?

चार ते सहा म्हणजे तिची शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत.

रुचिताच्या डोक्यात सण्‌कन काहीतरी गेलं.

“बाबा, हे कायले ठेवलं?”

“तुह्याच भल्यासाठी,” बाबा हळूच म्हणाले.

“माह्या भल्यासाठी कलाबाई चोर?”

ती यादी खाली ओढत गेली. सोमवार, चार ते सहा. होतं! कुलपासकट होतं! बाबा झटकन तिच्या कानाशी वाकले.

“पागल झाली का? त्यात तू आहेस. तो पोरगा आहे. हे पुंडलिकराव समोर बसून आहेत. दिवस बुडायच्या आत साऱ्या साकोलीत बोभाटा होईन.”

सोमवार. म्हणजे वर्गातला मोनू. केमिस्ट्रीची वही द्यायला आला होता आणि फाटकाशी उभं राहून दोघांनी सरांची अशी नक्कल केली होती की हसून हसून पोट दुखलं होतं. तर त्यासाठी बाबा सोमवारपासून घुम्यासारखे घरभर फिरत होते! एका शब्दानं विचारलं नाही. कुलूप लावलं फक्त.

तिचे कान तापले. माउसवरचा हात थांबला. एवढं चिडूनही थांबला, याचा तिला आणखीच राग आला. तिनं दाराकडे पाहिलं. कलाबाईचे पाय अजून उंबऱ्याबाहेरच होते.

“कलाबाई, आत या,” रुचिता म्हणाली. “काका, नीट पाहा. पडदाभर मोठं करून लावते.”

चार वाजून सदतीस मिनिटं. फाटक. फाटकाशी रुचिता आणि मोनू, दोघंही हसून दुमडलेले. आणि त्यांच्या मागे, रस्त्यापलीकडे, पुंडलिकरावांच्या दारातून कलाबाई बाहेर पडली. माल संपला की मासोळ्या विकणाऱ्या बाया टोपला उपडा करून पाणी झटकतात. तसा तिनं झटकला. एकदा, दोनदा. तळ दिसेपर्यंत रिकामा. मग तो डोक्यावर ठेवून ती निघून गेली. तिच्यामागे, नळाच्या ओट्यावर, पितळी गुंड उन्हात लखलखत होता.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ते पुढं सरकले.

“हा पोरगा कोण्या घरचा आहे व?”

बाबांनी मान खाली घातली.

रुचितानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. “काका, मागं पाहा. ओट्यावर पाहा.”

“पाहूनच राहिलो न. बाप काय करते याचा?”

“मागं पाहा म्हणते न मी!”

“अव, पण परसराम, तुले माहीत होतं का हे?”

रुचितानं माउस आपटला. तिसऱ्यांदा लावलं आणि उठून टीव्हीपाशी गेली. मग तिनं दोन्ही तळहात पसरून पडद्यावर दाबून धरले, एक मोनूवर, एक स्वतःच्या हसणाऱ्या तोंडावर.

आता पडद्यावर एकटी कलाबाई उरली, रिकामा टोपला झटकत.

“आता दिसते?” रुचितानं विचारलं.