फिकट गुलाबी

नव्या केमिस्ट पोरीची पित्तशामक गोळी तपासनीस काकांनी दोनदा नापास केली होती. आजची चाचणी शेवटची. काकांच्या निकालापुढे तीस वर्षांत कोणी ब्र काढला नव्हता.

गोळी आम्लात विरघळली. उरलेलं आम्ल मोजायला काका वरून थेंब थेंब अल्कली सोडू लागले. आम्ल संपून फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. थेंब जितके जास्त, गोळी तितकी कुचकामी.

“काका, थांबा! झाला की गुलाबी!”

“घाई नको, पोरी. अजून पाण्यासारखंच आहे.”

आणखी सहा थेंब पडले, तेव्हा कुठे त्यांना रंग दिसला. मान वर केली, तर पोरीचे डोळे भरून आलेले. काकांनी चष्मा पुसला, दुसरी गोळी घेतली आणि दारातल्या शिपायाला हाक मारली.

“इकडे ये रे. गुलाबी दिसलं की ‘थांबा’ म्हण. हिने काही बोलायचं नाही.”

शिपाई ‘थांबा’ म्हणाला. काकांना भांड्यात नुसतं पाणी दिसत होतं, तरी ते थांबले. थेंब मर्यादेच्या आत होते.

मागचे दोन्ही निकाल खोडून काकांनी वहीत सावकाश लिहिलं, ‘गोळी पास. तपासनिसाचे डोळे नापास.’ आणि पोरीला विचारलं, “मोतीबिंदू काढणारा चांगला डॉक्टर आहे का ग कोणी ओळखीचा?”