सत्तावीस नंबरची बाटली

नवं औषध माणसाला द्यायच्या आधी जंतूंवर चालवून बघायचं असतं, म्हणून आमच्या लॅबमध्ये काळ्या आजाराचे जंतू काचेच्या बाटल्यांत मुद्दाम जिवंत ठेवलेले असतात. दर चौथ्या दिवशी ताजं खाद्य घातलं नाही, तर मरतात. त्यातले सत्तावीस नंबरचे सगळ्यांत चिवट. एकाही औषधाला दाद देत नव्हते. त्यांचं खाणंपिणं टेक्निशियन ताई बघायच्या. नऊ वर्षांत एकही खेप चुकवली नाही, अंगात ताप असला तरी यायच्या.

"ताई, पोटच्या पोरासारखं जपता हो यांना!" आम्ही चिडवायचो. त्या नुसत्या हसायच्या.

काल नव्या औषधानं सत्तावीस नंबरचा फडशा पाडला. सूक्ष्मदर्शकाखाली एकही जंतू हलत नव्हता. आम्ही नाचायचंच बाकी होतं. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "ताई, सुटलात एकदाच्या! सत्तावीसची औषध न घातलेली शेवटची बाटली उरलीय, तीही आता उकळून टाका."

ताई बाटली हातात धरून उभ्याच राहिल्या. "एवढी एक राहू द्या ना, मॅडम."

"अहो, किती पोरं खाल्ली या आजारानं! त्याची कसली माया?"

"माझंही खाल्लं," ताई म्हणाल्या. "हा नमुना माझ्याच लेकाच्या हाडातून काढलेला आहे. त्याच्या अंगातलं जिवंत असं आता एवढंच उरलंय."