टाळूवरची ऊब

खड्डा खणून होताच महादेवी काठावर हात टेकून खाली उतरली आणि तळाशी मांडी घालून बसली.

"वैनी, वर या," बसवंतराव म्हणाला. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मठाचा कारभार त्याच्याकडं होता. "दिवस मावळायच्या आत उरकाया पायजे."

"ते गेले न्हाईत."

मठाच्या ओसरीत तिचा नवरा सांबप्पा परवा पहाटे पूजेला बसला, तो अजून तसाच होता. पाठ सरळ, डोळे अर्धे मिटलेले, डाव्या तळहातावर इष्टलिंग. असा तो पूर्वीही बसायचा, पण ऊन चढेपर्यंत उठायचा. आज सकाळी जिंतूरहून हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी बराच वेळ मनगट धरलं, मग नाकाशी आरसा धरला. आरसा कोरडाच राहिला. "नब्ज लागत नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

सांबप्पानं देह ठेवला, तो लिंगैक्य झाला, ही बातमी दुपारपर्यंत आसपासच्या खेड्यांत पोचली. रझाकारांच्या धामधुमीत ओस पडलेल्या त्या मठात पोलीस ॲक्शननंतर पहिल्यांदाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. समाधीच्या खड्ड्याशेजारी विभूती आणि बेल येऊन पडला होता.

"अण्णा निर्विकल्पात गेले," बसवंतराव समजावू लागला. "तिथं गेलेला माणूस माघारी येत न्हाई. गावात त्यांची समाधी हुईल, वैनी. लय मोठं भाग्य हाय तुमचं."

"मेलेल्या माणसाच्या हातावर लिंग ठरतंय का?"

"अंग ताठलंय त्यांचं."

"टाळूला हात लावून बघा. ऊन हाय."

"उन्हानं तापली आसंल."

"वसरीत कधी ऊन येतंय, भावजी?"

सूर्य मठाच्या भिंतीला टेकला होता. बसवंतरावानं खूण केली तशी चौघांनी सांबप्पाला पाटासकट उचललं. गर्दी बाजूला सरकली.

महादेवीनं डोळे मिटून घेतले. टाळू ऊन होती, पण ती सकाळी. दुपारनंतर तिनं तिथं पुन्हा हात लावलाच नव्हता. धीर झाला नव्हता. खड्ड्याच्या ओल्या मातीत तिनं लुगडं घट्ट ओढून घेतलं.

पाट काठावर टेकला.

"वैनी, आता सरका. न्हाईतर बायांना खाली उतरवून तुमाला वर काढावं लागंल."

"काढू नका. ठिवा त्यांना माझ्या मांडीवर. आन् लोटा माती दोघांवर बी."

कुणी हललं नाही. खड्डा खणणारा आश्रुबा सांबप्पाची पाठ धरून उभा होता. त्यानं मान वर केली.

"मालक," तो हळूच म्हणाला, "पाठ हालायलीय."

"तुझा हात कापत आसंल."

"माझा न्हाई, मालक."

सांबप्पाच्या छातीत एक लांब श्वास शिरला. सगळ्यांना ऐकू आला. बराच वेळ तो आतच राहिला, मग बाहेर आला. पापण्या थरथरल्या आणि त्यानं डोळे उघडले.

गर्दी त्याच्या पायांवर कोसळली. सगळ्यांत आधी बसवंतराव. "अण्णा, तिथं काय दिसलं?" त्यानं रडत विचारलं.

सांबप्पानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मग त्याची नजर खड्ड्यात उतरली. महादेवी उठून उभी राहिली होती. केसांत माती, लुगड्याला चिखल.

"ही बाई कोण हाय?" त्यानं विचारलं.

महादेवी त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तिथं सोंग नव्हतं. राग नव्हता, ओळखही नव्हती.

"आसंल कुणीतरी," ती म्हणाली. "हात द्या. मला वर यायचंय."

सांबप्पानं इष्टलिंग छातीशी धरलं, आणि अवघडलेल्या अंगानं पुढं वाकत दुसरा हात खाली सोडला.