हाकेची वाट

रुसून उठून जायचं, की दुकानदार झक मारत हाक मारतो, हा गृहस्थांचा हुकमी डाव. सोफा असाच घेतला, फ्रीजही असाच. घरच्या भांडणातही ते उठून जात आणि बायको रडत फाटकापर्यंत धावत येई. आज जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये मात्र सेल्समन दमडी सोडेना. "ठेवा तुमचं डबडं!" म्हणत गृहस्थ तरातरा गेटपाशी गेले आणि पाठ फिरवून, कान टवकारून उभे राहिले. "मॅडम, सरांना बोलावू?" सेल्समनने विचारलं. "कशाला? दमले की येतील चालत," बायको म्हणाली. "कर्ज माझ्या पगारावर मंजूर आहे ना? आणा, सही करते." गृहस्थ गालात हसले, बाई डाव शिकली म्हणायची! बऱ्याच वेळाने मागे इंजिन गुरगुरलं. आता हाक येणार म्हणून त्यांनी तोंड आणखी फुगवलं. आला तो हॉर्न. ते वाटेत उभे होते.