दारामागची वही

वर्षभराच्या गोटीने खिडकीचा कठडा सोडला तेव्हा मावशींच्या एका हातात भरलेला डायपर होता आणि दुसऱ्या हाताने त्या भोकाड पसरलेल्या एका पोराचं नाक पुसत होत्या. गोटी जरा डुगडुगली. मग आयुष्यातली पहिली चार पावलं टाकून थेट कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या मावशींच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर जाऊन आपटली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मावशींनी हात धुतले आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलेली वही काढली. ही वही म्हणजे त्यांच्या घरगुती पाळणाघराची शान. कोण किती जेवलं, किती झोपलं, कोण कुणाला चावलं, कुणाला पहिला दात आला, कुणी पहिला शब्द काढला, सगळं वेळेसकट. संध्याकाळी आया न्यायला आल्या की मावशी ते ठसक्यात वाचून दाखवत. मुलाच्या पहिल्या शब्दाची बातमी ऐकून मागे एक आई जिन्यातच रडली होती. आनंदाने रडली, असं मावशी तेव्हा धरून चालल्या होत्या.

वहीमागे एक जुना सल होता. वीस वर्षांपूर्वी मावशी कारखान्यात पॅकिंगला जात आणि त्यांची लेक सासूबाईंपाशी असे. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असायचे, तरी दारातूनच त्या विचारत, आज काय केलं हिने? सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. काही नाही, खाल्लं, झोपली. दीड वर्ष एवढंच. या बाईला नातीकडे नीट बघायलाही नको, हे मावशींनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं. पुढे स्वतःचं पाळणाघर काढलं, तेव्हा पाळण्याच्याही आधी वही आणली.

आता सासूबाईंनाच सांभाळायची पाळी आली होती. जेवलेलं त्यांना आठवत नसे. दुपारी सात पोरांना थोपटून थोपटून झोपवावं, तर त्या उठून भांडं पाडत आणि सातही जण एका सुरात सुरू होत. काल तर अनवाणी जिना उतरून गेल्या. मावशींची पाठ बोलत होती, डोळे चुरचुरत होते, आठवा जीव सांभाळायचं त्राण काही उरलं नव्हतं. रविवारी थोरले दीर येऊन त्यांना वृद्धाश्रमात पोचवणार होते. पिशवी भरून पलंगाखाली ठेवलेली होती. मावशींना त्याचं वाईट वाटत नव्हतं. आपल्या लेकीसाठी जिने एक शब्द खर्च केला नाही, तिच्यासाठी किती झिजायचं?

साडेसहाला गोटीची आई आली. दवाखान्यात काउंटरवर बसणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती दाराला टेकली आणि तिने विचारलं, आज काय केलं हिने?

मावशींनी वहीकडे हात नेला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"काही नाही गं. खाल्लं, झोपली."

सासूबाई दारातल्या दमलेल्या बाईकडे टक लावून बघत होत्या. यांचं काही मनावर घेऊ नका, असं मावशी म्हणणार होत्या. पण गोटीच्या आईचा चेहरा एकदम सैल झाला.

"सुटले बाई," ती म्हणाली. "रोज जिना चढताना धास्ती असते. वाटतं, हिचं पहिलंवहिलं काहीतरी आज होऊन गेलं असेल, आणि मीच नसेन."

मावशींचा हात वहीवर तसाच राहिला. मग त्यांनी ती खिळ्यावरच राहू दिली आणि आज काही विशेष नाही असं सांगितलं. जिन्यात रडलेली ती आई त्यांना आठवली.

आठच्या सुमारास फोन आला. गोटीची आई हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. गोटी चालली होती. चार पावलं, पहिल्यांदाच, आईच्या दिशेने. माझीच वाट बघत होती बघा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मावशींनी जमेल तेवढं नवल केलं आणि फोन ठेवला.

हेच वाक्य त्या स्वतः वीस वर्षं सांगत आल्या होत्या. त्यांची लेकही अशीच एका संध्याकाळी चालली होती, त्यांच्या हातातला डबा अजून खाली ठेवलेला नसताना. त्यांनी ओरडून सासूबाईंना बोलावलं होतं, आणि सासूबाई गालावर हात ठेवून बघत राहिल्या होत्या. पोर सगळं आईसाठी राखून ठेवते, आजीपाशी तिला काही सुचत नाही, असं मावशी नंतर चारचौघांत सासूबाईंच्या देखत सांगत. सासूबाई खाली मान घालून भाजी निवडत. एकदाही त्यांनी मान वर केली नव्हती.

मावशींनी पलंगाखालची पिशवी ओढली. एकेक कपडा काढून कपाटात लावला. मग त्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या.

"आई, खरं सांगा. आपली पोर तुमच्यासमोर आधी कधी चालली होती?"

सासूबाईंनी सकाळी गोटीच्या ठेवला होता तसा मावशींच्या डोक्यावर हात ठेवला.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "खाल्लं, झोपली."