सत्तेचाळीसची पाटी

वाफेच्या गाड्या बंद झाल्या त्या वर्षी एका संग्रहालयाला दोन जुनी इंजिनं मिळाली. पण चालू एकच करता येणार होतं, आणि तेही दुसरं भंगारात विकून. कुठलं ठेवायचं हे विचारायला त्यांनी केबिन रोडवरच्या कोंडिरामांना बोलावलं. रिटायर होईपर्यंत बावीस वर्षं त्यांनी त्यातलंच एक, सत्तेचाळीस नंबरचं इंजिन चालवलं होतं.

ते घरी परतल्यावर त्यांच्या पत्नी वैजयंताबाईंनी चहा पुढे केला. "सत्तेचाळीसच ठेवलं ना?"

"नाही. त्याच्या बॉयलरचा पत्रा झिजून कागद झालाय. दुरुस्तीचा खर्च त्यांना झेपायचा नाही. एक्क्याऐंशी ठेवा म्हटलं."

"सारखं बिघडून शेडमध्ये पडून असायचं, ते?"

"म्हणून तर त्याचा बॉयलर धड राहिला."

संग्रहालयाच्या साहेबांनी एक्क्याऐंशीवर लावायच्या पाटीसाठी दोन ओळीही मागितल्या होत्या. कोंडिरामांनी चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं, 'बावीस वर्षं सेवा. भर पावसातही एक फेरी चुकली नाही.'

वैजयंताबाईंनी मागून वाकून वाचलं. "अहो, हे तर सत्तेचाळीसचं झालं."

"मग? त्याला वेगळी पाटी कोण लावणार आहे?"